कापणीपर्यंत

विक्रोळी, मुंबई
मंगळवार, रात्री

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी उपासनेहून आल्यावर तू जेवायला बसलास खरा, पण भात अर्धवट टाकून उठलास, आणि दारात चपला घालता घालता जे बोललास ते दोन दिवस माझ्या कानांतून गेलेले नाही. पाळकसाहेबांनी त्या दिवशी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील निदणाचा दाखला, म्हणजे वैऱ्याने गव्हात तण पेरल्यावर ते उपटायला निघालेल्या चाकरांना मालक अडवतो ती येशूची गोष्ट, घेतला होता आणि "कापणीपर्यंत दोन्ही बरोबर वाढू द्या" हे मालकाचे वाक्य त्यांनी दोनदा वाचले. तू म्हणालास, "आई, थांबा असे नेहमी आपल्यासारख्यांनाच का सांगतात? पप्पा थांबले आणि थांबता थांबता गेले. बिल्डरचे काही बिघडले का? कमिटीतल्या त्या माणसाचे काही बिघडले का?" तीस वर्षे मी महापालिकेच्या शाळेत मुलांना शिकवले, त्याहून अधिक वर्षे शब्बाथ शाळेत हेच दाखले सांगितले, पण तू जिना उतरून गेलास तेव्हा तुला हाक मारून सांगावे असे उत्तर माझ्याजवळ तयार नव्हते. ते आज बसून लिहिते आहे. पत्र लांबेल, तरी शेवटपर्यंत वाच, कारण आपल्या चाळीच्या कमिटीतल्या त्या गृहस्थांविषयी एक गोष्ट मी चार वर्षे तुझ्यापासून लपवून ठेवली आहे आणि आता ती तुला कळणे भाग आहे.

तुझा प्रश्न अविश्वासाचा आहे असे मला मुळीच वाटत नाही. त्र्याहत्तराव्या स्तोत्रात आसाफ हेच बोलतो की दुर्जनांची भरभराट पाहून माझे पाय घसरण्याच्या बेतात आले होते, आणि हबक्कूक संदेष्टा तर आपल्या पुस्तकाच्या आरंभीच देवाला विचारतो की मी किती वेळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस. ज्यांनी पवित्र शास्त्र जमवले त्यांनी ही वाक्ये गाळली नाहीत. चाळीच्या जागी नवी इमारत व्हायची म्हणून आपण भायखळ्याची चाळ रिकामी करून या भाड्याच्या खोलीत आलो त्याला अकरा वर्षे झाली. विकासकाकडून भाड्याचे धनादेश अडीच वर्षे वेळेवर आले, मग उशिरा येऊ लागले आणि मग बंद झाले. सातव्या वर्षी तुझे पप्पा गेले. या काळात त्याच विकासकाच्या दोन इमारती दुसरीकडे उभ्या राहिल्या, आणि आपल्या जागेवर आजही पत्र्याचे कुंपण आणि त्याच्या आत वाढलेले रान आहे. हे सगळे पाहून ज्याला राग येणार नाही त्याला न्यायाची चाडच नाही असे मी म्हणेन.

पण निदणाचा दाखला तुला वाटतो तसा नाही. लहानपणी मलाही तो पटला नव्हता. माझे वडील नगर जिल्ह्यातले शेतकरी, आणि त्यांना तो सांगितला तेव्हा ते मान हलवून म्हणाले होते की हा मालक शेतकरी नसावा, निंदणीशिवाय कुठे पीक येते का? त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते, कारण आपल्याकडे निदण या शब्दातच ते काढून टाकायचे असते हे आले, आणि इथे मालक चाकरांना बजावतो की ते काढू नका. पुढे मंडळीतल्या शास्त्राभ्यासात त्याचे कारण कळले. मूळ ग्रीक शब्द आहे झिझानिया, आणि ते कोणतेही रानगवत नसून लोलियम टेम्युलेंटम नावाची वनस्पती आहे असे अभ्यासक मानतात. ती गव्हाच्या शेतातच उगवते, गव्हासारखीच दिसते, आणि ओंबी बाहेर पडेपर्यंत तिला ओळखणे जाणत्यालाही अवघड जाते. तिच्या दाण्यात एक बुरशी असते, त्यामुळे ते दाणे पिठात गेले तर खाणाऱ्याला चक्कर, गुंगी आणि ओकाऱ्या होतात. दुसऱ्याच्या उभ्या पिकात हे बी टाकणे हा काही कल्पनेतला प्रकार नव्हता, रोमी कायद्याच्या ग्रंथांत त्याविरुद्ध दाद मागण्याचा उल्लेख सापडतो. म्हणजे येशूच्या श्रोत्यांना हे वैर ओळखीचे होते. आणि गहू पोटरीत यायच्या सुमारास दोहोंची मुळे जमिनीखाली एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की एक उपटले तर दुसरे हातात येते.

तुझी आजी रेशनचा गहू निवडायची ते तुला आठवत असेल. दुपारी गॅलरीत पितळी परात मांडीवर तिरकी धरून ती बोटांच्या टोकांनी गव्हाचा पातळ थर पुढे सरकवायची, आणि खडा, काळपट दाणा, मातीचा कण असे एकेक वेचून बाजूच्या वाटीत टाकायची. वाटी भरली की ती रिकामी करायची आणि मगच गहू गिरणीत जायचा. त्या परातीत निवडणे सोपे होते, कारण दाणा दाण्यासारखा दिसत होता. शेतात तेच पाते हिरवे असताना तिलाही निवडता आले नसते. दाखल्यातला मालक निवड होणारच नाही असे कुठेही म्हणत नाही. निदण आधी गोळा करून जाळण्यासाठी त्याच्या पेंढ्या बांधा आणि गहू माझ्या कोठारात साठवा, असे तो पुढच्याच वाक्यात सांगतो, आणि हा शेवट पुरेसा कडक आहे. तो फक्त एवढेच म्हणतो की आज, या हिरव्या अवस्थेत, उपटण्याचे काम चाकरांच्या हाती देता येत नाही.

आता ती गोष्ट. पप्पांना शिवडीच्या दफनभूमीत नेले त्या दिवशी ते गृहस्थ फाटकाबाहेर फुलवाल्याशेजारी उभे होते. आत आले नाहीत. मी त्यांना पाहिले आणि तोंड फिरवले. आपल्या सर्वांच्या वतीने विकासकाच्या कागदांवर सह्या करणारे, सभेत कोणी प्रश्न विचारला तर त्याला खाली बसवणारे आणि स्वतःच्या घरात एक खोली जादा मिळवण्याचे कबूल करून घेणारे हेच ते, एवढेच तेव्हा माझ्या डोक्यात होते. त्या क्षणी माझ्या हातात विळा असता तर मी तो चालवला असता, हे तुझ्या आईने तुला लिहून द्यावे लागते आहे.

त्यानंतर तीन महिन्यांनी, पावसाळ्यात, एका संध्याकाळी दार वाजले. ते उंबऱ्याबाहेर उभे होते, पाण्याने निथळत, आणि शर्टाच्या आत छातीशी धरलेली प्लास्टिकची पिशवी तेवढी कोरडी होती. तिच्यात स्टेपल केलेल्या सतरा पानांची एक प्रत होती. विकासकाबरोबर झालेल्या पूरक कराराची ती प्रत, जी आपल्यापैकी एकाही भाडेकरूला मिळाली नव्हती आणि जिच्यात भाडे थकल्यास काय करायचे याचे स्पष्ट कलम होते. "बाई, हे मी तेव्हाच द्यायला हवे होते," एवढे एकच वाक्य ते बोलले. मी त्यांना आत या म्हटले नाही. टॉवेल दिला, दारातच चहा दिला, आणि त्यांनी कप जमिनीवर ठेवून जिना उतरायला सुरुवात केली. आपली फिर्याद आज ज्या कागदावर उभी आहे तो कागद हा. वकीलबाईंना तो कुठून आला हे तू विचारलेस तेव्हा मी "जुन्या फायलीत सापडला" असे सांगितले. ते खोटे होते. तुझा राग त्या वेळी असा होता की तू त्यांच्या घरी गेला असतास, आणि त्यांनीही हात जोडून सांगितले होते की मुलाला इतक्यात कळू देऊ नका.

ते गहू निघाले असा निकाल मी देत नाही. त्यांनी केले ते केले, आणि त्याचा हिशोब त्यांना द्यावाच लागेल, इथे आणि तिथेही. पण शिवडीच्या फाटकाशी माझ्या मनासारखे झाले असते तर ती सतरा पाने कोणाकडून आली असती? मुळे गुंतलेली असतात याचा अर्थ मला पुस्तकात कळला नव्हता तो त्या संध्याकाळी उंबऱ्यावर कळला.

आता तुझा मुख्य आक्षेप, की थांबायला नेहमी गरिबालाच सांगतात. तुझे निरीक्षण खरे आहे, आणि असे सांगणारे लोक देवळातही असतात हे मी नाकारत नाही. भाडे थकल्यावर विकासकाचा माणूस आपल्याला हेच सांगत होता, आणि दुर्दैवाने आपल्याच मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनीही पप्पांना "प्रभूवर सोडा, कोर्टकचेरी आपल्या लोकांना शोभत नाही" असा सल्ला दिला होता. पण शास्त्र उघडून पाहा, येशूच्या दाखल्यांत धीर धरणारा बहुतेक वेळा कोण असतो? शेताचा मालक थांबतो. अंजिराच्या झाडाचा मालक थांबतो. द्राक्षमळ्याचा धनी कुळांकडे एकामागून एक चाकर पाठवतो आणि ते मार खाऊन परत आले तरी शेवटी स्वतःच्या मुलाला पाठवतो. राजा कर्जदाराला थांबण्याची मुदत तर देतोच, सगळे कर्जच सोडतो. ज्याच्या हातात तोडण्याची, कापण्याची, विकून टाकण्याची सत्ता आहे तोच थांबतो. ज्या एका दाखल्यात मध्यवर्ती माणूस अगदी निराधार आहे, त्या लूकाच्या अठराव्या अध्यायात, येशू न्यायाधीशाकडे न्याय मागणाऱ्या विधवेला थांब म्हणत नाही. ती रोज येते, तेच मागणे मागते, आणि न्यायाधीश कंटाळतो तरी ती येतच राहते, हीच तिची स्तुती आहे.

या दाखल्याविषयी मी थोडे अधिक लिहिते, कारण तो माझा आहे. तो न्यायाधीश देवाला भीत नाही आणि माणसाला जुमानत नाही, हे येशू आधीच सांगून टाकतो. त्यामुळे देव त्या न्यायाधीशासारखा आहे आणि त्याला सारखी प्रार्थना करून वैताग आणला म्हणजे तो हलतो, असा जो अर्थ काही लोक लावतात तो सपशेल चुकीचा आहे. युक्तिवाद उलटा आहे: असा नालायक माणूसही शेवटी त्या बाईचा न्याय करतो, तर जो आपल्या माणसांचा कैवारी आहे तो करणार नाही काय? ती बाई विधवा आहे हेही सहज आलेले नाही. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात विधवेला व अनाथाला गांजू नका, ते माझ्याकडे ओरडले तर मी नक्की ऐकेन, अशी देवाची ताकीद आहे. म्हणजे ती भीक मागायला उभी नाही, तिच्या बाजूने कायदा लिहिलेला आहे आणि तो अमलात आणणारा खुर्चीवर बसून टाळाटाळ करतो आहे.

या मुंबईत अशी एक विधवा होऊन गेली आहे. पंडिता रमाबाईंचे पती १८८२ साली वारले, कडेवर लहान मुलगी होती, आणि त्याच वर्षी त्यांनी शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांना शिक्षिका आणि डॉक्टर होण्याची संधी हवी असे सांगितले. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी याच शहरात शारदा सदन उघडले आणि तिथे शिकलेल्या पहिल्या विधवांपैकी गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणण्यात घालवली. त्या बाईंनी धीर धरला यात शंका नाही, पण त्यांच्या धीराला गप्प बसणे कोणी म्हणू शकेल का? मी कोर्टाच्या बाकावर बोर्ड कधी पुढे सरकतो याची वाट पाहत बसते, पुकारा होतो, समोरचे वकील मुदत मागतात आणि पुढची तारीख घेऊन मी सेंट्रलच्या गाडीने नाही तर बसने घरी येते, तेव्हा मला पुष्कळदा त्यांची आठवण होते. आजवर सव्वीस तारखा झाल्या. एकही चुकवली नाही.

शास्त्राभ्यासात शिकलेली आणखी एक गोष्ट तुला आवडेल. आपल्या मराठी शास्त्रात देवाला "मंदक्रोध" म्हटले आहे. हिब्रूत त्या जागी जे शब्द आहेत त्यांचा शब्दशः अर्थ "लांब नाकाचा" असा होतो, कारण त्या भाषेत नाक आणि राग यांना एकच शब्द आहे. आपणही तापट माणसाचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असे म्हणतोच. देवाचा राग शेंड्यापर्यंत यायला वेळ लागतो, पण तो येतच नाही असे त्या शब्दात नाही. ज्याला राग येतच नाही त्याला आपल्या चाळीचे काय झाले याचेही काही वाटणार नाही, आणि तसल्या देवापुढे मी गुडघे टेकले नसते. नव्या करारातील सहनशीलतेचा ग्रीक शब्दही याच घडणीचा आहे. राजापुढे पालथा पडलेला कर्जदार "मला वागवून घ्या" म्हणतो तिथे तो आहे, विधवेच्या दाखल्याच्या शेवटी तो आहे, आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्रात, कोणाचा नाश व्हावा अशी देवाची इच्छा नसून सर्वांनी पश्चात्ताप करावा म्हणून तो विलंब सोसतो, तिथेही तोच आहे.

योना संदेष्ट्याला नेमके हेच खटकले होते. देवाने ज्या निनवे नगराला ताकीद द्यायला त्याला पाठवले होते त्याच्यावर अरिष्ट आले नाही तेव्हा तो रागावून देवाला म्हणाला की तू मंदक्रोध आहेस हे मला ठाऊक होते, म्हणूनच तर मी पळालो. नगराबाहेर छप्पर घालून तो पाहत बसला. आणि देव त्याला विचारतो की ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी १,२०,००० हून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे ज्या नगरात आहेत, त्याची मी पर्वा करू नये काय? पुस्तक या प्रश्नावर संपते, योनाने काय उत्तर दिले ते लिहिलेले नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही, परतलेल्या धाकट्यासाठी मेजवानी घातली म्हणून रागावलेला थोरला भाऊ शेवटी अंगणातच उभा आहे, बाप त्याची समजूत घालतो आहे, आणि तो आत गेला की नाही हे लूक सांगत नाही. रविवारी तू दारात उभा होतास तेव्हा मला तो थोरला आठवला. त्याची तक्रार खोटी नव्हती, तो खरोखर राबला होता.

नव्या इमारतीत सगळ्यांना सारखेच क्षेत्रफळ मिळणार, मग साठ वर्षे त्या खोलीत काढलेल्या आपल्या कुटुंबाला आणि चाळ पाडण्याच्या आदल्या वर्षी पागडीने खोली घेतलेल्या कुटुंबाला एकच माप का, हेही तू मागे एकदा विचारले होतेस. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात मालक सगळ्यांना एकेक दिनार देतो तेव्हा पहाटेपासून राबलेले कामकरी हेच कुरकुरतात. मी तो दाखला पूर्वी घाईने शिकवत असे. आता सकाळी बसथांब्यावर उभी असताना समोरच्या नाक्यावर कामाची वाट पाहणारी माणसे रोज पाहते. आठ वाजता तिथे शंभरएक असतात, रंगाचा ब्रश, थापी, डबा असे काही ना काही प्रत्येकाच्या हातात. मुकादम येतो, अंगाने धडधाकट दिसतील ते निवडतो, आणि अकरा वाजता बँकेचे काम आटोपून मी परत येते तेव्हा उरलेले वीस-पंचवीस अजून तिथेच सावली शोधत उभे असतात. त्यांतले बहुतेक वयस्कर. एक जण रोज आपल्या डब्याचे झाकण उघडून पाहतो आणि पुन्हा लावतो, कारण काम मिळाल्याशिवाय डबा खायचा नाही असे त्याने ठरवलेले असावे. दाखल्यात संध्याकाळी पाच वाजता मालक विचारतो की तुम्ही दिवसभर इथे रिकामे का उभे राहिलात, आणि ते म्हणतात की आम्हाला कोणी कामावर लावले नाही. हे वाक्य मला नाक्याने समजावले. त्यांनी आळस केला नव्हता, आणि संध्याकाळी त्यांच्या घरी जितकी तोंडे खाणारी होती तितकीच ती पहाटे आलेल्यांच्या घरीही होती. एक दिनार म्हणजे एका कुटुंबाचा एका दिवसाचा निर्वाह. मालकाने पहिल्यांचा एक पैसाही कापला नाही, ठरलेला पूर्ण दिला. आपल्यालाही ठरलेले मिळाले तर शेजाऱ्याच्या भिंती मोजायला मी फूटपट्टी घेऊन जाणार नाही.

आणि पप्पांविषयी. ते गेल्यावर नात्यातल्या एक बाई म्हणाल्या की कोर्टाच्या मागे लागलात, त्याची ही शिक्षा असेल. त्या वेळी मी गप्प राहिले, पण येशू गप्प राहिला नव्हता. लूकाच्या तेराव्या अध्यायात लोक त्याला पिलाताने मारलेल्या गालीलकरांची बातमी सांगतात, तेव्हा तो स्वतःहून दुसरी घटना काढतो, की शिलोहाचा बुरूज अंगावर पडून जी अठरा माणसे मेली ती यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा अधिक अपराधी होती असे तुम्हाला वाटते काय? मी सांगतो, नव्हती. मुंबईच्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडजवळची इमारत पहाटे कोसळली आणि ६१ माणसे गेली. आपली चाळ तिथून चालत जाण्याइतकी जवळ होती. ती माणसे आपल्याहून वाईट होती काय? मग ज्याच्यावर इमारत कोसळली नाही तो चांगला असेही ठरत नाही. विकासकाचे काही बिघडले नाही यावरून देवाने त्याला निर्दोष ठरवले असा अर्थ तू लावतोस, आणि त्या बाई पप्पांच्या मृत्यूवरून ते दोषी होते असा अर्थ लावत होत्या. दोघांचे गणित एकच आहे, आणि येशूने तेच मोडीत काढले आहे.

त्याच ठिकाणी, पुढच्याच वाक्यात, तो अंजिराच्या झाडाचा दाखला सांगतो. तीन वर्षे मालक फळ शोधायला येतो आणि ते मिळत नाही. तोडून टाक, याने जागा तरी का अडवावी, असे तो माळ्याला म्हणतो. माळी म्हणतो, महाराज, एवढे वर्ष राहू द्या, मी याच्याभोवती खणीन आणि खत घालीन, मग फळ आले तर ठीक, नाही तर तोडा. मला यातली खणण्याची आणि खताची गोष्ट महत्त्वाची वाटते. मुदत मागणारा माणूस त्या वर्षात स्वतः हात घाण करायला तयार आहे. आणि मुदत मोजलेली आहे, एक वर्ष, अनंतकाळ नाही. झाडाचे पुढे काय झाले ते इथेही लिहिलेले नाही.

राजाने ज्याचे कर्ज सोडले त्या निर्दय चाकराच्या दाखल्यावर मला फार लिहवत नाही. एका तालांताचे साधारण सहा हजार दिनार धरले तर त्याचे दहा हजार तालांतांचे कर्ज सहा कोटी दिनारांचे होते, म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाने दीड लाखाहून अधिक वर्षे राबावे इतके. ते माफ झाल्यावर बाहेर पडताच तो शंभर दिनारांसाठी सोबतीचा गळा धरतो. शंभर दिनार हीसुद्धा तीन महिन्यांची मजुरी आहे, क्षुल्लक रक्कम नाही, आणि आपले नुकसानही क्षुल्लक नाही हे मी जाणते. पण शिवडीच्या फाटकाशी मी तोंड फिरवले त्याच्या दुसऱ्या रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी माझा हात भाकरीसाठी पुढे झाला, तेव्हा मला कोणी थांबवले नाही. माझ्याही बाबतीत कोणी तरी थांबले होते.

आता हे सगळे आजच का लिहिले ते सांगते. येत्या गुरुवारी आपल्या प्रकरणात साक्ष आहे आणि साक्षीदार ते गृहस्थ आहेत. त्यांनी गेल्या महिन्यात प्रतिज्ञापत्र दिले. त्यात सभेत काय झाले, सह्या कशा घेतल्या गेल्या आणि त्यांना स्वतःला काय कबूल केले होते, हे सगळे त्यांनी स्वतःच्या नावानिशी लिहून दिले आहे. समोरचे वकील उलटतपासणीत त्यांची लाज काढतील हे वकीलबाईंनी त्यांना आधीच सांगितले आहे. काल मी त्यांना फोन करून विचारले की आता मुलाला सांगू का. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "सांगा, बाई. मला तिथे अचानक पाहण्यापेक्षा आधी कळलेले बरे."

तू विकासकाला माफ कर असे मी या पत्रात कुठेही लिहिलेले नाही. त्याने अजून काही परत केलेले नाही, काही कबूल केलेले नाही, आणि सत्ताविसावी तारीख मी त्याच्याविरुद्धच घ्यायला जाते आहे. तुला रजा मिळाली तर ये. मी साडेदहाला फाटकापाशी असेन, निळ्या फायलीसह, आणि डब्यात पोळ्या जास्तीच्या घेईन, कारण पुकारा दुपारनंतर होण्याचाही संभव आहे. ते गृहस्थ आता फार थकले आहेत, जिना एका दमात चढवत नाही. बहुधा पहिल्या मजल्यावरच्या बाकावर बसलेले असतील. तुला त्यांच्याशी बोलावेसे वाटले नाही तर बोलू नकोस, मी आग्रह करणार नाही.

प्रकृतीची काळजी घे आणि रात्रीचे जेवण टाळू नकोस.

तुझी,
आई